मुलाखतीतली करडी पट्टी

मी आयुष्यभर माणसं निवडली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबकच्या नळ्या बनवणारा एक कारखाना आहे, तिथल्या कर्मचारी विभागात मी लागलो तेव्हा डोक्यावर दाट केस होते. आता निवृत्तीला दीडेक वर्ष उरलंय आणि केसांविषयी न बोललेलं बरं. किती पोरं-पोरी माझ्यासमोर बसून मुलाखत देऊन गेल्या त्याची मोजदाद नाही. पण कुणाची चिठ्ठी घेतली नाही, कुणाच्या फोनला भीक घातली नाही. एका पुढाऱ्याच्या माणसाला मी एकदा गेटवरूनच परत पाठवलं होतं आणि ती गोष्ट मी आजही लग्नकार्यात सांगतो, कुणी विचारलं नाही तरी. त्यामुळे मला कुणी पक्षपाती म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. यंत्रानं म्हटलं तेव्हाही गेली.

मी मूळचा धुळ्याकडचा. पांझरेकाठचं गाव. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि नोकरीला लागल्यावर ऑफिसची मराठी. ही तिसरी मी इस्त्रीच्या शर्टासारखी सकाळी अंगावर चढवतो आणि घरी गेल्यावर काढून ठेवतो.

आमच्याकडे माणूस भेटला की आधी गाव विचारतात. गावावरून तालुका, तालुक्यावरून तिथे दिलेली एखादी मावसबहीण, आणि तिच्या सासरच्या चार घरांतून फिरून आलं की समोरचा माणूस परका राहत नाही. हे झाल्याशिवाय थेट कामाचं काढणं म्हणजे आमच्या हिशेबी उद्धटपणाच. मी मुलाखतीतही तेच करायचो. समोरचं पोरगं इस्त्रीची मराठी बोलत असायचं, मग कुठेतरी ‘नाही’ऐवजी ‘नही’ निघून जायचं आणि ते जीभ चावायचं. मी लगेच पेन खाली ठेवायचो. ‘‘कोनतं गाव रे भो तुनं?’’ त्याचा चेहरा असा उजळायचा की मलाच बरं वाटायचं. मग चहा मागवायचा, विहिरीला पाणी किती, कापूस घरात आला का, बहिणींची लग्नं झाली का, सगळं विचारायचं. भीती गेली की पोरगं खुलतं, असं मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवायचो. ते वहीत लिहून घ्यायचे.

माझ्या विभागात एक अधिकारी आहे. जळगावातच वाढलेली, वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. बोलायला मऊ आणि कामाला चिवट. मी चिडवायला तिला मॅडम म्हणतो आणि ती ते मनावर घेत नाही. आमच्या मुलाखतींचं चित्रीकरण गेली काही वर्षं होतंच. उमेदवाराची सही घ्यायची, कोपऱ्यातला कॅमेरा चालू करायचा, आणि पुढे ते कधीच कुणी बघायचं नाही. तिनं कुठूनसं शोधून काढलं की असं चित्रीकरण ऐकून मुलाखत घेणाऱ्यांचा कल दाखवणारं यंत्र आलंय. यंत्र म्हणजे खोकं वगैरे काही नव्हतं, कॉम्प्युटरवर चालणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. पण आमच्याकडे सगळे यंत्रच म्हणायला लागले.

‘‘ते उमेदवारांना मार्क देणार का आता?’’ मी नाक मुरडून विचारलं.

‘‘नाही सर,’’ ती म्हणाली. ‘‘ते आपल्याला देणार.’’

एका दुपारी मुलाखत मंडळातले आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसलो. मी, ती आणि प्रयोगशाळेचे प्रमुख. सुरुवात प्रमुखांपासून झाली. ‘लग्न झाल्यावर कसं करणार?’ हा प्रश्न त्यांनी झाडून सगळ्या मुलींना विचारला होता आणि एकाही मुलाला नाही. यंत्रानं ती सगळी वाक्यं एकाखाली एक काढून ठेवली होती. ‘‘अहो, मी काळजीपोटी विचारतो,’’ ते म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले. सगळ्यात मोठ्यानं हसलो मी.

मग माझी पाळी आली. यंत्र प्रत्येक मुलाखतीची एक लांब आडवी पट्टी करून दाखवायचं. कामाविषयी बोलणं चालू असेल तिथे निळा रंग, इतर बोलण्याला पिवळा, आणि यंत्राला काही कळलंच नाही तिथे करडा. इतरांच्या पट्ट्या निळ्या-पिवळ्या होत्या. माझ्या कितीतरी पट्ट्यांवर मात्र करपलेल्या भाकरीसारखे मोठमोठे करडे डाग.

‘‘काय हो मॅडम, एवढं हुशार यंत्र आणि त्याला अहिराणी येत नाही?’’

प्रमुख हसले. ती हसली नाही. ‘‘नाही येत, सर. म्हणूनच हे दिसलं.’’ तिनं पट्ट्या करड्या रंगाच्या लांबीनं लावल्या, सगळ्यात लांब डाग असलेली सगळ्यात वर. शेजारी आम्ही दिलेले मार्क. वरचे सगळे मार्क कमी. पट्ट्या जसजशा निळ्या होत खाली आल्या तसतसे मार्क वाढत गेले. एवढं सरळ होतं की शाळेतल्या पोरालाही कळावं.

मला कळलं नाही. म्हणजे मी कळून घेतलं नाही. मी म्हणालो, ‘‘त्यात काय विशेष? तिकडच्या पोरांची तयारीच कमी असते.’’

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि प्रमुखांनी मान पडद्याकडे वळवली. तिकडच्या. मी स्वतः तिकडचा. माझा बाप, माझे भाऊ, आजही गावात राहणारी माझी बहीण, सगळी तिकडची. कुणा दुसऱ्यानं हे म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

‘‘सर, आपण त्यांना कामाचं किती विचारलं ते बघायचं का?’’ तिनं हळूच विचारलं.

मी उठून बाहेर गेलो. ज्या भाषेसाठी मी पेन खाली ठेवतो त्याच भाषेवरून मला पक्षपाती ठरवतायत, ह्याचा मला इतका संताप आला होता की जेवणाचा डबा मी तसाच घरी परत नेला. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिनंही विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच तिच्या टेबलापाशी गेलो. यंत्राला खोटं पाडायचं असं मी पक्कं ठरवलं होतं आणि त्यासाठी एक मुलाखतही मनात निवडून ठेवली होती. साक्री तालुक्यातल्या एका मुलीची, जेमतेम आठवड्यापूर्वीची. तिच्याशी मी जितक्या मायेनं बोललो होतो तितका माझ्या पुतणीशीही बोलत नसेन.

ही मुलगी धुळ्याच्या एका लहानशा पाइपच्या वर्कशॉपमध्ये काम करत होती. डिप्लोमा झालेला, पण तिथे बाईमाणसाला मशीनजवळ उभं राहू देत नाहीत, म्हणून ती पॅकिंगवर. आमच्या प्रयोगशाळेत नळ्या तपासायच्या कामावर शिकाऊ म्हणून यायचं, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी ती तीनदा मुलाखतीला आली होती आणि तिन्ही वेळा मी तिच्या कागदावर लिहिलं होतं, ‘स्वभाव उत्तम. विषयाची माहिती कमी.’ त्या जागेला वयाची अट होती. महिनाअखेरीला तिचं वय त्या अटीच्या पलीकडे जाणार होतं, म्हणजे ही शेवटचीच संधी. हे तिनं मुलाखतीच्या सुरुवातीलाच हसत हसत सांगितलं होतं. त्यावर मी म्हणालो होतो, ‘‘घोर नको करू, व्हयी जाई,’’ म्हणजे होऊन जाईल. आणि नंतर कागदावर नेहमीचंच वाक्य लिहिलं होतं.

आम्ही दोघं बघायला बसलो. पडद्यावर मी होतो. स्वतःला बाहेरून बघायची वेळ माणसावर फार येत नाही, आणि आली की आधी पोटच दिसतं. मग मी बोलायला लागलो, आणि आमच्याकडच्या उमेदवाराशी मी बोलायला लागलो की मंडळातले बाकीचे दोघं मधे पडायचे नाहीत. गाव, आई, विहीर, साक्रीत माझ्या चुलतभावाची सासुरवाडी. मी खुलून बोलत होतो. मुलगी ‘हा आबा, हा आबा’ करत होती. तिच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी होती. थोड्या वेळानं तिनं ती पिशवी टेबलावर ठेवली आणि तिची गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात चहा आला. पडद्यावर मी ती पिशवी उचलून बाजूला सरकवली, कपाला जागा करायला.

‘‘थांबवा,’’ मी म्हणालो. ‘‘काय होतं त्या पिशवीत?’’

‘‘माहीत नाही, सर. आपण विचारलं नाही.’’

तिनं आधीच्या दोन मुलाखतीही लावल्या. पहिल्या वेळी पिशवी मुलीच्या हातातच राहिली होती. दुसऱ्या वेळी तिनं ती टेबलावर ठेवली होती आणि जाताना तशीच उचलून नेली होती. तिन्ही मुलाखतींत मिळून मी तिला कामाचा एकच प्रश्न विचारला होता, तोही तिसऱ्या वेळी, नळीची जाडी कशी तपासतात. विचारलं आणि दोन सेकंद थांबलो. यंत्रानं ते दोन सेकंद मोजून ठेवले होते. मग तिला अडचणीत टाकायला नको म्हणून उत्तर मीच सांगून टाकलं आणि पुन्हा विहिरीकडे वळलो. त्याच दिवशी जळगावातला एक मुलगा अशाच प्रश्नावर अडला होता, त्याला मी नऊ सेकंद दिले होते. मग तोच प्रश्न सोपा करून विचारला होता, मग आणखी सोपा करून. त्याच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. त्याच्या गावाविषयी मला काय विचारणार?

मी थक्क झालो. ह्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. मी मधे मधे बोलतो, समोरच्याला बोलू देत नाही, हे बायको तीस वर्षं ओरडून सांगतेय. पण मी पुरावा मागायचो आणि तो तिच्याकडे नसायचा. इथे ज्याला माझ्या भाषेतला एक शब्दही कळत नव्हता, ज्याला माया म्हणजे काय आणि विहीर म्हणजे काय ह्याचा पत्ता नव्हता, त्यानं नुसतं कोण कधी बोललं आणि कोण कधी गप्प बसलं एवढ्यावरून मला उघडं करून समोर ठेवलं होतं. मी कुणाशी काय बोललो ते त्याला कळलं असतं तर कदाचित त्यालाही वाटलं असतं, किती चांगला माणूस आहे हा. त्याला कळलं नाही म्हणून ते फसलं नाही. त्या करड्या डागाकडे बघताना मला भीती वाटली आणि खरं सांगतो, हात जोडावेसेही वाटले.

‘‘सर, एक सांगू?’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही माझी मुलाखत घेतली होती, आठवतं? तुम्ही मला घरचं काहीच विचारलं नव्हतं. माझ्याआधी आत गेलेल्या मुलाशी तुम्ही हसून बोलत होता ते बाहेर ऐकू येत होतं. मी आत आले आणि तुम्ही थेट कामगार कायद्यावर प्रश्न सुरू केले. एकामागून एक. घरी जाऊन मी अब्बांना सांगितलं, साहेबांना मी आवडले नाही.’’

त्या दिवशी तिलाच सगळ्यात जास्त मार्क मिळाले होते. त्या हसऱ्या मुलाचं नावही मला आठवत नव्हतं. मी बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत आणि लावत बसलो.

निवड झालेल्यांची यादी अजून वर गेली नव्हती. मी स्वतः मोठ्या साहेबांकडे गेलो आणि माझ्याकडून मुलाखती चुकीच्या घेतल्या गेल्या असं सांगितलं. हे वाक्य बोलायला मला फार जड गेलं. ते आधी हसले. मग त्यांनी पट्ट्या बघितल्या. ठरलं असं की ह्या फेरीत ज्यांच्या पट्ट्या करड्या होत्या त्या सगळ्यांना परत बोलवायचं, सगळ्यांना तेच छापील प्रश्न विचारायचे, आणि आम्ही तिघांनी मार्क वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता द्यायचे. साक्रीच्या मुलीला मी फोन केला, ऑफिसच्या मराठीत. ती घाबरली. ‘‘माझं काही चुकलं का सर?’’ आधीच्या मुलाखतीत ती मला आबा म्हणत होती. मी म्हणालो, ‘‘नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. शुक्रवारी या.’’

शुक्रवारी ती पहाटेच्या एस.टी.नं निघाली असणार, कारण दहाच्या आत गेटवर हजर होती. पारोळा-एरंडोलची धूळ केसांवर होती. आत आली, माझ्याकडे बघून हसली आणि माझ्या पहिल्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. गावाच्या प्रश्नाची. तो माझ्या ओठांवर आलाही होता.

‘‘बसा,’’ मी म्हणालो.

तिचं हसू मावळलं. इतक्या वर्षांत मी कुणाला इतकं कोरडं ‘बसा’ म्हटलं नव्हतं, तेही आमच्याकडच्या लेकराला. मी खाली मान घालून छापील कागद वाचायला लागलो.

पहिला प्रश्न प्रमुखांचा होता. शेतकऱ्याची तक्रार आली आहे की एकाच नळीवरच्या काही झाडांना पाणी कमी मिळतं, काहींना जास्त. तुम्ही नळीत काय काय तपासाल? ती गप्प बसली. मी मनात आकडे मोजायला लागलो. दोन झाले. माझी जीभ वळवळायला लागली. चार झाले. मी टेबलाची कड घट्ट धरली. तिला काहीच येत नसेल तर, असंही वाटून गेलं, आणि लाज वाटते पण सांगतो, तसं निघालं तर माझी सुटका होईल असंही वाटलं. आठ झाले. मग ती इस्त्रीच्या मराठीत अडखळत बोलायला लागली. एक वाक्य झालं, दुसरं अर्धंच राहिलं.

‘‘तुम्हाला जमेल त्या भाषेत सांगा,’’ आमची अधिकारी म्हणाली. ‘‘आम्हाला समजेल. नाही समजलं तर विचारू.’’

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि गाठ सोडली. ह्या वेळी चहा आला नव्हता, मी तो मागवलाच नव्हता. आत नळीच्या कापलेल्या चकत्या होत्या, बांगडीएवढ्या नाही, अंगठीएवढ्या. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली, चिठ्ठीवर बॉलपेननं वेळ आणि चार आकडे. तिनं त्या ओळीनं मांडल्या.

‘‘सकायले मशीन तापाना आगोदर जो पाइप निंघस, तो एक बाजूले पातय ऱ्हास,’’ ती म्हणाली. ‘‘दुपारले बराबर व्हस. पन सकायना माल बी त्याच गठ्ठामा जास.’’

मशीन नीट तापायच्या आधी निघालेली नळी एका बाजूला पातळ असते, दुपारची नीट असते, आणि सगळा माल एकाच गठ्ठ्यात जातो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती पॅकिंगला बसायची. गठ्ठा बांधताना टोकाची जी नळी कापून टाकतात त्यातली एक चकती ती रोज दर तासाला खिशात घालायची आणि सुट्टीत वर्कशॉपातल्याच मायक्रोमीटरनं चार ठिकाणी जाडी मोजून ठेवायची. कुणाला दाखवायला नाही, तिला स्वतःला बघायचं होतं म्हणून. मालकाला सांगायला गेली तर त्यांनी तिला पॅकिंगकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं.

प्रमुख खुर्चीतून उठले. मुलाखतीत ते उठलेले मी कधी पाहिले नव्हते. प्रयोगशाळेतून जाडी मोजायचं मायक्रोमीटर घेऊन आले आणि एक एक चकती मोजायला लागले. चिठ्ठीवरचा आकडा वाचायचे, मायक्रोमीटर बघायचे, पुढची घ्यायचे. सातव्या-आठव्या चकतीला त्यांनी चिठ्ठी वाचायचंच सोडलं. मग एकदम काहीतरी सुचून ते पुन्हा आत गेले आणि नळीचा एक हातभर तुकडा घेऊन आले. तिच्या हातात दिला. काही सांगितलं नाही.

तिनं ब्लेड मागितलं. सरळ एक चकती कापली, उजेडाकडे धरली, नखावर हळूहळू फिरवली आणि एका जागी थांबली. ‘‘आठे पातय शे.’’ मग दुसऱ्या टोकाची कापली. ‘‘आठे बी.’’ मग भाबडेपणानं तिनं विचारलं, ‘‘हाऊ पाइप तुमना शे का?’’

प्रमुखांचा चेहरा पडला. पाइप आमचाच होता, त्या दिवशीच्या सकाळच्या पाळीतला. त्यांनी मोजून पाहिला. ती म्हणाली तिथेच पातळ होता. ज्या मुलीला मी तीनदा विषयाची माहिती कमी म्हणून घरी पाठवलं होतं, ती माझ्यासमोर बसून आमच्याच कारखान्याची चूक नखानं शोधून देत होती. पुढचा पाऊण तास मी फक्त कागदावरचे प्रश्न वाचले आणि गप्प बसलो. इतकं ऐकायला मिळतं हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशीची पट्टीही यंत्रानं करडीच दाखवली, हेही सांगायला हवं. त्याला ती अहिराणी कळलीच नव्हती. माझ्या विहिरीच्या गप्पा आणि तिच्या चकत्या त्याच्या लेखी सारख्याच. आमच्या मॅडमनं ते चित्रीकरण पुन्हा ऐकलं, अडलं तिथे मला विचारलं आणि जवळजवळ सगळी पट्टी हातानं निळी केली. यंत्रापुढे हात जोडावेसे वाटले होते खरे, पण त्याच्या हातात सगळं सोपवून घरी जाता येणार नाही हेही त्याच दिवशी समजलं.

मुलगी बाहेर गेल्यावर आम्ही तिघांनी कागद उघडले. तिघांचे मार्क जवळपास सारखे होते आणि त्या फेरीत तेवढे कुणालाच मिळाले नव्हते. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांची सही झाली. खाली जाऊन तिला सांगायचं काम मी मागून घेतलं. जिना उतरताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. आधी माफी मागायची, मग बातमी द्यायची. आणि मग, आता काही हरकत नाही म्हणून, गावाचं विचारायचं.

जिन्याच्या वळणावर मला तिचा आवाज आला. खालच्या बाकावर बसून ती फोनवर आईशी बोलत होती. पाठ माझ्याकडे होती.

‘‘नही व माय, आज साहेब आपलं बोलनातच नही. गाव नही, घर नही, चहा बी नही. नुसतं बठ्ठं कामनंच इचारं.’’ मग ती थोडी थांबली. आई पलीकडून काहीतरी म्हणत असावी, बहुतेक धीर देत असावी. ‘‘नही व, रडत नही मी. उलट आयक ना. तिन्ही येळले साहेब इतला गोड बोलना, आनि तिन्ही येळले मी तुले सांगं, साहेब आपलाच शे, आते नोकरी पक्की. आज तो काहीच बोलना नही. म्हनीसनच माले वाटस माय, यान्ही येळले व्हयी.’’

मी कठड्याला धरून तिथेच उभा राहिलो. तिचं बोलणं संपेपर्यंत खाली उतरायचा मला धीर झाला नाही.